सेव्ह न केलेली भिंत

छोट्या : मिळाली का?

ताई : तू असं सारखं विचारलंस म्हणून मिळणारे का? आधी मागे सरक. मानेवर श्वास सोडतोयस माझ्या.

छोट्या : मिस्त्री खाली विटांवर बसलाय, ताई. दुसरा चहा झाला त्याचा. नकाशाची प्रिंट हातात पडल्याशिवाय थापीला हात लावणार नाही म्हणतो.

ताई : मग तिसरा दे.

छोट्या : एवढी चिडतेस कशाला? ऑफिसात दिवसभर नकाशेच काढतेस ना? परवा फोनवर कुणाला तरी झापत होतीस, सेव्ह करायला काय हात मोडतो का म्हणून!

ताई : हो, म्हटलं. चोळ आता मीठ.

छोट्या : मग तू का नाही केलंस? वाटणीच्या भिंतीवर इतके दिवस काम चाललंय तुझं.

ताई : कारण मूळ नकाशा त्याच फाइलमध्ये होता. आपलं घर, आहे तसं. बाबा होते तेव्हा मापं घेऊन काढलेलं. त्याच्यावरच मी भिंत काढायला बसले. सेव्ह केलं असतं तर जुनं घर गेलं असतं.

छोट्या : दुसऱ्या नावानं ठेवायचं की मग!

ताई : कळतंय रे मला! देऊ, देऊ नाव, म्हणत राहिले. कॉम्प्युटर बंदच करत नव्हते. स्क्रीनवर फडकं टाकायचं नि उठायचं. झालं समाधान?

छोट्या : बरं बाई. पण ते आपोआप सेव्ह होतं म्हणतात ना?

ताई : होतं. थोड्या थोड्या वेळानं एक प्रत ते स्वतःच बाजूला टाकून ठेवतं. तीच शोधतेय. रिकव्हरीच्या यादीत काही नाही. टेम्प फोल्डर उलथापालथा केला, तिथेही नाही. थांब जरा. सकाळी काय झालं म्हणालास?

छोट्या : लाइट गेली असणार. मी आलो तेव्हा सगळं बंद होतं.

ताई : असणार? म्हणजे तू बघितलं नाहीस?

छोट्या : दुसरं काय असणार आणखी?

ताई : लाइट गेली असती तर ती प्रत इथेच असती. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला की ती मागे राहते, त्यासाठीच असते ती. जाते कधी, तर कुणीतरी नीट, शिस्तीत फाइल बंद केली की. ते विचारतं, बदल सेव्ह करायचे का. नाही म्हटलं की त्याला वाटतं, ह्यांना नकोच आहे. मग सगळं साफ.

छोट्या : माझ्याकडे काय बघतेस?

ताई : मग कुणाकडे बघू?

छोट्या : अगं, मला तर भिंत हवीय! बायको पोराला घेऊन माहेरी जाऊन बसलीय. भिंत उभी राहिली की येते म्हणाली, त्याआधी नाही. मी कशाला पुसू? उलट मला तुझाच संशय येतोय.

ताई : माझा?

छोट्या : सेव्ह करत नाहीस, नाव देत नाहीस. आज देते, उद्या देते. तुलाच नकोय ती.

ताई : मला नकोय? तुझ्या बायकोचे टोमणे रोज कोण ऐकतं?

छोट्या : आणि तुझे कोण ऐकतं?

(आई दारात येऊन उभी राहते. हातात धुतलेलं, पिळलेलं फडकं.)

आई : हळू बोला. मिस्त्री वर बघतोय.

छोट्या : आई, सकाळी लाइट गेली होती का गं?

आई : नाही.

ताई : मग इथे कोण आलं होतं?

आई : मी. हे फडकं धुवायला न्यायला आले. काढलं, तर समोर आपलं घर.

छोट्या : नुसत्या रेघा असतात गं. तुला कसं कळलं?

आई : न कळायला काय झालं? मापं घेताना तुझ्या बाबांनी टेप धरला होता. टेपला दोन टोकं असतात बाळा. दुसरं माझ्या हातात होतं.

ताई : आई, तू बंद केलंस ते?

आई : कोपऱ्यातली फुली दाबली, मग मशीनही बंद केलं. मधोमध ती जाड रेघ, थेट माझ्या ओट्यावरून. शेगडी इकडे नि नळ तिकडे. चहाच्या पाण्यासाठी मी काय रस्त्यावरून वळसा घालून येऊ?

छोट्या : दुसरा नळ बसवणार होतो, आई.

आई : आणि मला कुठे बसवणार होतात?

ताई : तुझं... आलटून पालटून. दोन्हीकडे.

आई : मी चष्मा लावून शोधलं. त्याची खोली आहे, तुझी आहे. माझी कुठे दिसली नाही.

ताई : म्हणून पुसायचं? किती दिवसांचं काम गेलं माझं!

आई : मी कुठे पुसलं? त्यानं विचारलं, बदल ठेवायचे का. दोनदा वाचलं मी. मग खरं ते सांगितलं. एवढं सगळं ठरलं या घरात, विटा आल्या, मिस्त्री आला. मला विचारलं ते फक्त या मशीननं.

छोट्या : ताई, जुना नकाशा तरी आहे ना?

ताई : आहे. जसाच्या तसा.

छोट्या : त्यावर भिंत परत काढायला फार वेळ लागेल?

ताई : नाही लागणार.

छोट्या : मग काढ ना.

ताई : कुठून काढू, ते सांग. आईकडे बघून सांग.

छोट्या : ...मिस्त्री हाका मारतोय.

ताई : त्याला सांग, आज नको.

छोट्या : आणि बायकोला काय सांगू? ती तिकडे बॅगा भरून बसलीय.

आई : तू काही सांगू नकोस. फोन लाव आणि माझ्याकडे दे.

छोट्या : तू काय सांगणारेस तिला?

आई : सांगायचं काही नाही. विचारायचंय.