बहात्तर किलोचा फोटो

मीच प्रतिभा. नाही हो, पत्ता बरोबर आहे, या गल्लीत दुसरी प्रतिभा राहत नाही. हॉस्पिटलातला फोटो बघून आलात ना — जांभळ्या पैठणीतला, लिफ्टशेजारी लावलाय तो? तो माझाच. बसा. त्या खुर्चीत नको, तिचे हात आवळ आहेत — तुम्ही बसायच्या आधी हातांकडं बघितलंत, मला कळलं, मीही कुठं गेले की आधी तेच बघते — इकडं पलंगावर या. ही शेवंती सरकवते जरा. संध्याकाळच्या आत हार गाळ्यावर जायचेत, तर माझे हात चालू राहतील, राग मानू नका. काय नाव म्हणालात? शुभांगी. येवल्याहून, एसटीनं? — मग तूच म्हणते बाई, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. पैठणी विणतेस होय. मग तर मागावर बसायचं म्हणजे खड्ड्यात पाय सोडायचे आणि पुढच्या लाकडाला पोट अडणार. अडतं ना? मान खाली नको घालू. मी एकशे अठरा किलो होते ऑपरेशनच्या आधी. फोटोत बहात्तर. गेल्या दिवाळीला एकशे चार, त्यानंतर काट्यावर चढले नाही. तू विचारणारच होतीस, मीच सांगून टाकलं. पत्ता कुणी दिला, तिथल्या मॅडमनी? फोन लागला नसेल त्यांचा. नंबर बदललाय मी. त्यांना माहितीच नाही मी अशी झालेय — तीन वर्षं तिकडं फिरकलेच नाही ना.

पहिली चार वर्षं चांगली गेली, ते खोटं नाही सांगणार. लय चांगली गेली. डॉक्टरांनी कागदावर पोट काढून दाखवलं — एवढं होतं, एवढं ठेवलं, केळ्याएवढं. दोन घास वरणभात की बास. आणि भूकच लागायची नाही गं. मी — जी सकाळी डोळे उघडल्यापासनं दुपारी काय खायचं त्याच विचारात असायची, ती मी — जेवायचं विसरायला लागले. सासूबाई हाका मारायच्या, प्रतिभा, दोन घास खाऊन घे. शुगरच्या गोळ्या सुटल्या. गाळ्यावर बसले तर रोजचं गिऱ्हाईक आमच्या ह्यांना विचारायचं, मालकीणबाई गावाला गेल्या का? मी समोर बसलेली, आणि मलाच शोधतंय. वणीच्या गडावर मीच ट्रॉली नको म्हणाले, पायऱ्यांनी चढले, आणि हे मागं राहिले धापा टाकत. वर पोचून मी ह्यांची वाट बघत उभी राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तोवर मी कधी पुढं आणि हे मागं असं झालं नव्हतं. पाणी घेतेस? घे ना, तांब्या तिथंच आहे.

मग काय झालं? काही झालं नाही, तेच तर सांगतेय. माणसाला वाटतं काहीतरी मोठं झालं असेल, कुणी मेलं असेल, नवऱ्यानं टाकलं असेल. तसलं काही नाही. लॉकडाउन लागला, देवळं बंद, फुलं मळ्यातच कुजली, मी घरात. एका दुपारी सासूबाई कांद्याची भजी तळत होत्या आणि मला भूक लागली. चार वर्षांनी. मी इतकी घाबरले की — नाही, घाबरले नाही, उगाच काय सांगू. बरं वाटलं. माहेरचं माणूस दारात आल्यासारखं वाटलं. आता ऐक, हॉस्पिटलात देतात त्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं पण आपण वाचत नाही — भाकरी अडकते, मटण अडकतं, जे खायला पाहिजे तेच छातीत बसतं. पण चहात बुडवलेलं बिस्कीट अडकत नाही. चिवडा अडकत नाही. आइस्क्रीम तर विचारूच नको. मूठमूठ, घोटघोट, दिवसभर. जेवायला सगळ्यांबरोबर बसले की दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची, आणि नणंद म्हणायची, बाई, केवढा हा निग्रह. आणि दुपारी, हे गाळ्यावर, सासूबाई झोपलेल्या — फुलांच्या करंडीत तळाशी फरसाणची पिशवी असायची माझी. वर देवाची फुलं. असो. तो दोरा दे गं इकडं.

तिथल्या आहाराच्या मॅडम ओरडायच्या नाहीत हं, त्यांना बोल नाही लावणार मी. त्या म्हणायच्या, प्रतिभाताई, वजन वाढलं तर लपू नका, वाढलं तर उलट लवकर या. मीच जाईनाशी झाले. दोन किलो वाढलं तेव्हा म्हणलं, उतरवून जाऊ. पाच झालं तेव्हा म्हणलं, निदान दोनावर आणून जाऊ. अशीच वर्षं जातात.   एके दिवशी ह्यांनी स्कूटर काढली आणि म्हणाले, मी पुढं होतो, तू रिक्षानं ये. तेव्हापासनं रिक्षाच. आणि मग म्हणाले, गाळ्यावर मी बघतो, तू घरी हार कर, तुझा हात चांगला आहे. हात चांगला आहे म्हणे.

पण मी स्टेजवर गेले, ते सांगायचंय. बावीस साली. हॉस्पिटलचा कार्यक्रम होता, बोलावणं आलं, त्र्याऐंशी किलो झाले होते मी. नाही म्हणायला पाहिजे होतं. पोटाला रुंद पट्टा आवळला, श्वास घेता येईना इतका, वरून तीच पैठणी, आणि गेले. कुणाला कळलं नाही. समोर सगळ्या तुझ्यासारख्या बसलेल्या. त्यात एक मनीषा होती, पेठकडची, अंगणवाडीवाली — पाड्यापाड्यावर चालत जाऊन पोरांची वजनं करायची. ती उभी राहिली आणि म्हणाली, ताई, पुन्हा वाढतं का वो? अख्ख्या हॉलमध्ये एवढा एकच खरा प्रश्न विचारला कुणीतरी. आणि मी म्हणाले, सगळं आपल्या मनावर असतं, माझं बघा. टाळ्या पडल्या. मग माझी जीभ सुटलीच. म्हणाले, सुरुवातीला उलट्या होतात, घाबरायचं नाही, दिवस काढायचे. आणि काही वाटलं तर डॉक्टरांच्या आधी मला फोन करा, मी तुमची बहीण आहे. डॉक्टरांच्या आधी — असं म्हणाले गं मी. खाली उतरले तर मनीषानं माझे हात धरले, आणि नंबर घेतला.

पुढच्या वर्षी केलं तिनं ऑपरेशन. दोन महिन्यांनी तिचे फोन यायला लागले. मी उचलले नाहीत — नवरात्र होतं, झेंडूचा हंगाम, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. … नाही. तसं नाही. तिला व्हिडिओ कॉल करायची सवय होती. चेहरा बघून बोलल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही, आणि तोवर माझा चेहरा असा, हा असा, झाला होता. साधा फोन? साधेही करायची की. एकोणीस आले. मला वाटलं भेटायला येते म्हणेल, कुठल्या तरी बायकांसमोर बोला म्हणेल. हे माझ्या मनात. तिच्या मनात काय होतं ते मी ऐकलंच नाही. मग ब्लॉक केला तिचा नंबर. काय? हो. ब्लॉक.

डिसेंबरात एक माणूस आला दारात. तू उभी होतीस तिथंच. चप्पल बाहेर काढून, हातात पिशवी. म्हणाला, प्रतिभाताई राहतात का इथं? मी मंगळू, मनीषाचा मालक. हॉलमध्ये मागं बसला होता तो तेव्हा, मला बघितलेलं त्यानं. पण ओळखलं नाही. आणि मी म्हणाले, ताई गावाला गेल्यात. तो म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हणाले, त्यांची जाऊ. मग उंबऱ्याशी उभं राहूनच सांगितलं त्यानं सगळं, त्या जावेला. पाच आठवडे उलट्या. पाणीसुद्धा राहत नव्हतं पोटात. आम्ही म्हणायचो दवाखान्यात चल, तर ती म्हणायची, ताईंनी सांगितलंय, होतं असं, दिवस काढायचे. ताईंना विचारते आणि मग जाऊ. मग पाय बधिर झाले, डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागलं, एके सकाळी उठता येईना, तेव्हा जीपमध्ये घालून आणली. डॉक्टर म्हणाले, कसलंसं जीवनसत्त्व संपलं अंगातलं, साधी इंजेक्शनं असतात, लवकर आणायला पाहिजे होतं. जगली. डोळे सुधारले. पाय पुरते आले नाहीत. वॉकर धरून अंगणापर्यंत जाते, पाडे सुटले, नोकरी सुटली. आणि माहितीये तो कशाला आला होता? मला वाटलं भांडायला. म्हणाला, ताईंचा फोन लागत नाही म्हणून ती काळजी करते, ताई बऱ्या आहेत ना, तेवढं बघून ये म्हणाली. पिशवीत नागलीचं पीठ होतं. मी स्टेजवर म्हणाले होते ना, सकाळी नागलीची पेज घेते म्हणून. मी ती पिशवी घेतली. देते म्हणाले ताईंना.

हे ह्यांनाही माहिती नाही. तू आज कुठं बोलू नको — बोल, बोललीस तरी काय. नंबर बदलला तो त्यानंतर.

ऑपरेशन करू का नको, ते मला विचारू नकोस. माझी शुगर चार वर्षं गेली होती, ते खरं. वाकून पायातली जोडवी बघता यायची, तेही खरं. किती जणींचं वजन उतरलेलं राहतंसुद्धा, मी बघितल्यात. तू फक्त एक कर — दोन दिवस पोटात पाणी ठरलं नाही तर सरळ दवाखाना गाठायचा. कुठल्या ताईला विचारायचं नाही. आणि ऑपरेशननंतर जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात, त्या सोडायच्या नाहीत, कधीच. मी? मी सोडल्यात. माझं जाऊ दे. पेठला? नाही, गेले नाही. दोनदा स्टँडवर जाऊन आले. तिथून परत.

काय म्हणालीस? तुझ्याबरोबर हॉस्पिटलात, मी? कधी, या मंगळवारी? किती वाजता बोलावलंय … दहा. दहाला हे गाळ्यावर असतात. सासूबाई काही म्हणणार नाहीत. तशी सीबीएस स्टँडवरनं रिक्षा मिळते. मॅडम त्याच आहेत का अजून, चष्म्याच्या? त्याच. आधी काट्यावर उभं करतात गं तिथं. बाकड्यांच्या समोरच, सगळे बसलेले असतात, आणि नर्स आकडा मोठ्यानं सांगते लिहिणारीला. पूर्वी मला ते आवडायचं.

नाही. मंगळवारी हार जास्त असतात. नाही जमायचं मला. तू आईला घेऊन जा, आईच बरी. ऊठ आता, तुझी गाडी जाईल. हो, हो, कळलं, मंगळवारी स्टँडवर थांबते म्हणालीस, मी ऐकलं. अशी बघू नकोस माझ्याकडं. जा म्हणलं ना. आणि दार ओढून घे जाताना, उघडं टाकू नको — येणारे-जाणारे आत बघतात.