बिनखिळ्याचा जिना

कायद्याची पण गंमत असते रे. घाटकोपरला एका मालकाच्या घरात माळ्यावर जायचा लाकडी जिना मी केला, पण हा मजुरी देईना. वकिलाला विचारलं, माझा हक्क कुठवर? तो म्हणाला, "ठोकलास की जिना त्याचा. तोवर धरून ठेव."

मग मी खिळा मारलाच नाही, नुसता टेकवला. मालक माळा बघायला वर चढला, तसा जिना काढून अंगणात नेला.

"अरे, मी उतरू कसा?"

"मजुरी द्या, लगेच ठोकून देतो."

"पैसे खाली बायकोकडे आहेत, घे तिच्याकडून."

मालकीणबाईंनी मुकाट्याने सगळे दिले. मी हातोडी उचलली, तर हळूच म्हणाल्या, "घाई नाही हो, सुतारदादा. आधी चहा घ्या."