आपला नारळ कुठला?

तुम्हाला हसायला काय जातंय? माझी वाट लागली होती त्या दिवशी! जलविज्ञानाच्या प्रॅक्टिकलला मी आधी एकदा नापास, आणि या वेळी सर शेजारीच उभे. बोरिवलीत नदीच्या वरच्या पुलावरून मी नारळ टाकायचा, खालच्या पुलावर माझ्या पार्टनरने, निनादने, तो आला की फोनवर सांगायचं. लागलेल्या वेळेवरून पाण्याचा वेग काढायचा. घामाने नारळ माझ्या हातातून निसटत होता. तेवढ्यात स्पीकरवर निनाद ओरडला, "आला गं, आला! नारळ आला!"

सरांनी माझ्या हातातल्या नारळाकडे बघितलं.

"अगं थांब, हारासकट अजून दोन आले. यातला आपला कुठला?"

सर फोनकडे वाकून शांतपणे म्हणाले, "वेग लिहून घे, बाळा. आपला अजून निघायचाय."