मशालींनी वितळलेला बर्फ

देवळाली कॅम्पच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी मोबाइलवरच्या गेमवरून भांडत होत्या.

"पप्पांनी सुट्टीत गेममध्ये तुझ्यासाठी एवढं बर्फातलं घर बांधलं होतं. कुठे गेला सगळा बर्फ?"

"मी चारी बाजूंनी मशाली लावल्या. मशालीजवळ बर्फ टिकत नाही."

"वाटोळं केलंस! कोणी सांगितलं होतं?"

"पप्पांनीच. बर्फ वितळला की घरी येतो म्हणाले."

"अगं बाई, ते बॉर्डरवरच्या खऱ्या बर्फाबद्दल!"

"तो तर कधीच वितळला. त्यांच्याच चौकीवरचे योगिनीचे पप्पा येऊन परतसुद्धा गेले. ओरडायचंय तर पप्पांवर ओरड ना!"

"आवाज खाली. मोबाइल दे इकडे आणि ऊठ, कॅम्प आला."