डाव्या हाताचं पुस्तक

परत तोच किस्सा? तुमचा चहा प्यायलो म्हणून सांगतो. मधे कोणी हसायचं नाही.

संप फिसकटला, गिरणी गेली. माझ्या खात्यातला, आमच्या चाळीत भजनाला पेटी वाजवणारा दोस्त घरी बसला. वरळी कोळीवाड्यातली हळदीत गाणी वाजवणारी पार्टी त्याला घ्यायला तयार होती. पण पेटी नको, म्हणाले, कीबोर्ड पायजे. उसना कीबोर्ड आणला. उजवा हात झकास गाणं वाजवतोय आणि डावा हवेत पेटीचा भाता मारतोय! जन्माची सवय.

मग गिरगावात शिकायचं पुस्तक घ्यायला गेलो. त्याने जाडजूड उचललं. मी चौथी नापास, पण चित्रं कळतात. त्यात डाव्या हाताला दर वेळी तीन-तीन पट्ट्या दाबायच्या. मी पातळ काढलं. त्यात डाव्याला एकच पट्टी, बाकीची साथ मशीन देणार.

"माका बालवाडीतलो समजलंस?" भर दुकानात ओरडला. "अंगठाछापा, तुका काय कळता?"

"भाता मारतोस ना? तोच हात त्या एका पट्टीवर मार."

जाडजूड परत फळीवर ठेवलं. पातळच घेतलं.

पहिल्याच हळदीत डावा हात भात्यासारखा यायचा आणि बरोबर पट्टीवर पडायचा. बायका नाचायच्या थांबेनात. असा हात मी दुसरा बघितला नाही. त्याच हातावर त्याने घर उभं केलं.

आजही तो वाजवतो तिथं मी पहिल्या खुर्चीत बसतो. 'अंगठाछाप' कधी परत घेतोय ते बघायला. त्याचं नाव पायजे? विश्राम.