अपडेटला नाही म्हणण्याची रीत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आदरणीय संयोगिताताई चौगुले. माझ्या डाव्या हाताला विराजमान असलेले, रस्त्यापलीकडच्या दूध संस्थेचे अध्यक्ष आणि माझे जुने प्रतिस्पर्धी श्रीमान अमरसिंह खोत. आमचे संचालक मंडळ. पहिल्या रांगेत बसलेले शहजादभाई मुजावर आणि त्यांचे कुटुंबीय. संध्याकाळच्या धारा उरकून, दूध घालून, हातपाय धुऊन आलेले पाणंदकाठ सहकारी दूध संस्थेचे समस्त सभासद बंधुभगिनी. आणि जिला निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ती आपल्या संस्थेचा संगणक सांभाळणारी कुमारी आफशीन मुजावर.

सर्वांना माझा नम्र नमस्कार.

माझे शिक्षण इयत्ता चौथी. परंतु त्या काळची चौथी, हे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि आजही सांगून ठेवतो. त्यामुळे भाषणात शब्द अडला, तर तो शब्दाचा दोष समजावा.

आता एक गोष्ट आधीच सांगणे मला उचित वाटते. हा समारंभ यापूर्वी दोन वेळा ठरला होता. पहिल्या वेळी मी कळवले की मंडप मिळत नाही. दुसऱ्या वेळी कळवले की अध्यक्ष मिळत नाहीत. संयोगिताताई, आपण दोन्ही वेळा घरीच होतात हे मला ठाऊक होते. आफशीनला पुण्याच्या एका दूध प्रकल्पात संगणक विभागात नोकरी लागली आहे. येत्या सोमवारी तिने तेथे हजर व्हायचे आहे आणि जाताना आपल्या संस्थेचा कार्यमुक्तीचा दाखला न्यायचा आहे. त्या दाखल्यावर अध्यक्षांची, म्हणजे माझी, सही लागते. तो दाखला या क्षणी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. त्यावर सही नाही. व्यासपीठावर येताना आमच्या एका संचालकांनी माझ्या कानात सांगितले, “आबा, चार लोकांत तुम्ही शब्द टाकला की पोरगी थांबंल बघा.” मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्या वेळी मलाही नक्की नव्हते.

आफशीन गेली तर संस्थेचे काय अडते, असे नव्या सभासदांना वाटेल. त्यासाठी गेल्या वर्षीची हकिगत सांगावी लागेल. गावात ती अनेक प्रकारे सांगितली जाते. काही आवृत्त्यांमध्ये मी रडलो असेही आहे. मी रडलो नव्हतो. म्हणून अधिकृत हकिगत माझ्याकडूनच ऐकावी.

आपल्याकडे दुधाचे फॅट मोजणारे यंत्र आहे आणि त्याला वायरीने जोडलेला संगणक आहे. या दोघांची भाषा वेगळी. निपाणीच्या बाजारात कानडी व्यापारी आणि आपला शेतकरी यांच्यामध्ये जसा एक दुभाषा उभा असतो, तसा या दोघांमध्ये संगणकाच्या पोटात एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र म्हणते सहा पॉइंट आठ. दुभाषा ते संगणकाच्या कानात सांगतो. संगणक पावती काढतो. आपला दुभाषा जुना होता, पण इमानी होता.

आता दुसरी बाजू. माझ्या म्हशीचे फॅट बारा महिने चांगले कसे येते, असा एक प्रवाद गावात होता. अमरसिंहराव, तो कोठून निघाला ते मी आज विचारणार नाही. त्या प्रवादाने मी इतका दुखावलो की वार्षिक सभेत मी स्वतः ठराव मांडला: यापुढे फॅटचा आकडा हाताने नोंदवला जाणार नाही, यंत्राकडून संगणकात येईल तोच ग्राह्य. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात ज्या ज्या गोष्टीला टाळ्या पडल्या, तिने पुढे मला छळले आहे.

आफशीन मावसबहिणीच्या लग्नासाठी इचलकरंजीला गेली होती. दिवसभर संगणक मी सांभाळीन असे मीच म्हणालो. सकाळचे संकलन सुरळीत झाले. मी खुर्चीत टेकलो, तोच पडद्यावर एक निरोप आला. अपडेट तयार आहे, आता करू की नंतर? मी ‘नंतर’ दाबले. थोड्या वेळाने तो पुन्हा आला. पुन्हा ‘नंतर’. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र मला संकोच वाटू लागला. सभासदहो, आपल्या घरची रीत काय आहे? पावणं दारात आलं की त्याला “नंतर या” म्हणतो का आपण? दुधाचा पेला पुढे करतो, “बसा की” म्हणतो. हा बिचारा तीनदा अदबीने विचारतो आहे आणि आपण चौथी शिकलेले, तीनदा त्याला उंबऱ्यावरून परतवतो! मी ‘आता’ दाबले. संगणक बंद झाला, चालू झाला. मला एखाद्याला जेवू घातल्यासारखे समाधान वाटले.

त्या पाहुण्याने आत येऊन आपल्या जुन्या दुभाष्याला हाकलले आणि स्वतःचा नवा माणूस बसवला, हे मला संध्याकाळी कळले.

रांग लागली. पहिली किटली चिमणाबाईंची. त्या समोर बसल्या आहेत, त्यांनी दुरुस्त करावे. यंत्राच्या छोट्या पडद्यावर आकडा आला, संगणकावर काहीच नाही. मी वायर काढली, पुसली, लावली. काहीच नाही. तेव्हा झालेला संवाद मी जसाच्या तसा सांगतो.

“ज्ञानू, आकडा दिसतोय की हितं. लिव्ह कागदावर आन् मोकळी कर मला.”

“चिमणाबाई, हाताने नोंद करता येत नाही. ठराव आहे.”

“कुणी मांडला ठराव?”

“मी.”

“मग बस ठरावाला धरून. मी जातो समोर.”

आणि त्या किटली उचलून खरोखर रस्त्याकडे वळल्या. पलीकडे अमरसिंहराव दारातच उभे होते. त्यांनी काय करावे? आतून खुर्ची मागवली. चिमणाबाईंसाठी! आमच्या संस्थेच्या दारातली किटली रस्ता ओलांडून समोर जाणार, आणि एक किटली गेली की रांग तिच्या मागे जाते, हे दुधाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी घाईघाईने आफशीनला फोन लावला. पलीकडून यंत्रमागांचा खडखडाट आणि लग्नाचा गलका एकदमच ऐकू आला. मला नीट ऐकू येईना, म्हणून फोनचा आवाज मोठा केला. त्यामुळे पुढचे सर्व काही अख्ख्या रांगेने ऐकले.

“आबा, कायतरी दाबलं का तुम्ही?”

“मी काहीही दाबले नाही. फक्त होकार दिला.”

“कशाला?”

“त्याने तीनदा विचारले, आफशीन.”

 मग ती म्हणाली, “आसूदे. घाबरू नका. मी सांगते तसं करा. डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसतोय काय?”

“दिसतो. त्यात उद्गारचिन्ह आहे.”

“त्येच. त्याच्यावर बाण न्या, माऊसचं उजवं बटण दाबा.”

“उजवे म्हणजे माझे उजवे की संगणकाचे?”

रांगेतून चिमणाबाईंचा आवाज आला, “माझी म्हस दुसऱ्यांदा व्याली तरी ह्येचं बटण घावायचं न्हाय!” लोक हसले. परंतु मला एक गोष्ट समजली. टोमणा मारायला का होईना, त्या अजून आमच्याच बाजूला उभ्या होत्या.

शेवटी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असे लिहिलेले बटण सापडले. म्हणजे नव्याला उठवा, जुन्याला परत बोलवा. ते दाबताच संगणकाने मला कारण विचारले! मी फोनवर म्हणालो, “कारण मागतो आहे. सविस्तर लिहू का?” आफशीन ओरडली, “आबा, कुठल्याबी एका ओळीवर खूण करा आन् पुढं चला!” मी खूण केली. चिमणाबाईंचा आकडा पडद्यावर उमटला, पावती फरफरत बाहेर आली आणि अमरसिंहरावांची खुर्ची आत गेली.

मी विजयी मुद्रेने घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर नवा दुभाषा पुन्हा गादीवर! कोणी विचारले नाही, कोणी होकार दिला नाही, आपणहून येऊन बसला होता. सकाळची पाळी मी तोच त्रिकोण, तेच बटण करून कशीबशी काढली. दुपारी आफशीन मेंदीच्या हातांनी थेट संस्थेत आली. तिने जुन्या दुभाष्याला बसवले आणि संगणकाला ताकीद दिली की या यंत्रापुरता नवा ड्रायव्हर आपणहून आणून बसवायचा नाही. जुन्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून माझ्या हाती दिली. ती मी संस्थेच्या शिक्क्याशेजारी कुलपात ठेवतो.

मी म्हणालो, “आफशीन, सगळीच अपडेट बंद करून टाक. कटकट नको.”

ती म्हणाली, “आबा, चोर येतोय म्हणून घराची सगळी दारं चिणून घेता व्हय? संगणकाच्या राखणीची अपडेट यायलाच पायजेत. फक्त ह्या एका खोलीला कडी घातलीया.”

मग मी तिच्यासमोर नव्या दुभाष्याची यथेच्छ निंदा केली. शिकलेला आहे, पण जुन्या यंत्राची भाषा येत नाही, वगैरे. तिने ऐकून घेतले आणि हळूच म्हणाली, “आबा, दोष त्याचा न्हाय. आपली वायर नकली हाय. जुना डोळेझाक करत हुता, नव्यानं वळखलं.” ती वायर कोल्हापुरात तीन दुकाने फिरून, घासाघीस करून, हसतमुखाने मीच आणली होती. दुकानदार मला “साहेब” म्हणाला होता, एवढेच त्या व्यवहाराचे वैशिष्ट्य. दुसऱ्या दिवशी तिने अस्सल वायर आणली आणि नवा दुभाषा तिच्याशी अगदी गोड बोलू लागला. कडी काढून टाकली. आज तोच कामावर आहे.

पुढे अमरसिंहरावांच्या संगणकालाही हेच दुखणे जडले. तेव्हा मी मोठ्या मनाने आफशीनला रस्ता ओलांडून मदतीला पाठवले. खरे म्हणजे ती आधीच गेली होती. मी नंतर परवानगी दिली. आज ते या व्यासपीठावर आहेत ते त्यामुळे.

सभासदहो, तिने मला आणखी एक शिकवले होते. अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येते, त्यासाठी वेगळे बटण आहे. ते मात्र मी फार लवकर शिकलो. तिचा राजीनामा आला तेव्हा मी तेच केले. एका सभेत विषय पुढे ढकलला, पुढच्या सभेत पुन्हा. तिच्या जागी आलेल्या कृष्णातमध्ये खोट काढली. म्हटले, अजून तयार नाही. परवा त्याची परीक्षा घ्यायची म्हणून मी स्वतःच संकलनाच्या आधी वायर सैल करून ठेवली. त्याने यंत्राकडे पाहिले, वायरीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “आबा, तुमीच काडलीसा न्हवं?” आता एवढे ओळखणारा माणूस तयार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणजे कारण एकही उरले नाही. तिच्या हाताखाली काम करण्याची मला सवय झाली आहे, एवढेच उरले. अध्यक्ष मी आहे. तरीही हे वाक्य मी विचार करूनच लिहून आणले आहे. आमच्या संचालकांनी टाकायला सांगितलेला शब्द मी टाकणार नाही. टाकला तर ती भिडेपोटी थांबेलही. ज्या मुलीने मला नाही म्हणायला शिकवले, तिलाच नाही म्हणता येऊ नये अशी वेळ मी चारचौघांत आणावी, हे चौथीच्या शिक्षणात बसत नाही.

अमरसिंहराव, जरा आपले पेन द्या. माझे मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. तेवढाच आणखी एक दिवस निघाला असता.

ताई, कागद जरा धरता का? वारा आहे.

झाली सही. तारीखही आजचीच घातली. शाई वाळेपर्यंत आभार मानून घेतो. अध्यक्षस्थान स्वीकारल्याबद्दल, आणि दोनदा न मिळाल्याचा आरोप सोसल्याबद्दल संयोगिताताईंचे आभार. पेनाबद्दल अमरसिंहरावांचे. रस्ता न ओलांडल्याबद्दल चिमणाबाईंचे. आणि आपली लेक इतके दिवस आमच्याकडे ठेवल्याबद्दल शहजादभाईंचे. भाई, असे पुढे या. दाखला आपणच घ्या आणि आपल्या हाताने तिला द्या. मला चष्मा पुसायला हात मोकळा हवा आहे.

बोलताना कोणाचे नाव राहिले असेल, कोणाला शब्द लागला असेल, लांबण लागली असेल, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावे आणि धाकट्यांनी घरी जाऊन हसावे. मी आपली रजा घेतो. आफशीन, सुखाने जा, बाळ.