माकडाची एकादशी

बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात, कुत्रं-माकड चावलेल्यांच्या सुईच्या रांगेत प्रेमलाल उभा होता. सकाळीच मारुतीच्या देवळापाशी माकडानं त्याच्या पोटरीचा चावा घेतला होता. पुढं दोघी बोलत होत्या. एकीच्या हाताला फडकं बांधलेलं.

"अनुसयाबाई, मारुतीच्या देवळातलं तुमचं लाडकंच माकड चावलं तुमाले?"

"हौ ना गीता. रोज क्रीमचं बिस्कुट लागते त्याले. काल एकादशी होती, म्हणून त्याच्यासाठीबी उपासाची भगरच नेली."

"मंग?"

"भगर देल्ली फेकून. थैली हुडकली, बिस्कुट सापडलं नाही, तं माहा हातच धरला."

"कितीदा सांगतलं, जंगलचं जनावर हाय ते. त्याले झाडपाला पुरते. बिस्कुटानं दात सडते त्याचे."

"सडलाच ना एक. पाह्य, मले तीनच दात लागले. बिस्कुट खाऊ घातलं नसतं तं चार लागले असते."



मागं प्रेमलालनं हळूच पायजमा वर केला आणि वाकून पोटरीवरच्या दातांच्या खुणा मोजल्या.

तीनच होत्या.